रक्तदाबाची औषधे, ॲस्पिरिन आणि तिसरी गोळी

कमी मात्रेचे ॲस्पिरिन म्हणजे दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅम. डोकेदुखी किंवा ताप उतरवण्यासाठी हेच औषध एका वेळी ३०० ते ६०० मिलिग्रॅम घेतले जाई. मात्रा बदलली की औषधाचे काम बदलते. मोठ्या मात्रेत ते दुखणे आणि ताप कमी करते. लहान मात्रेत ते रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, एकमेकींना चिकटू देत नाही. त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याची क्रिया मंदावते. रक्तदाब मात्र या गोळीने उतरत नाही.

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर इथल्या कोणत्याही मेडिकलवर ‘रक्त पातळ करायची गोळी’ मागितली, की इकोस्प्रिन ७५ किंवा तिच्यासारखी गोळी पुढे येते. बीपीच्या गोळीबरोबर ती घेणारे पुष्कळ आहेत, कारण उच्च रक्तदाबाचे रुग्णच पुष्कळ आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१.३ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यांना त्यासाठी औषध सुरू होते.

या दोन गोळ्या एकत्र चालतात का, असे विचारले जाते. कमी मात्रेचे ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची नेहमीची औषधे यांचे आपसात फारसे वाकडे नाही. धोका येतो तो तीन बाजूंनी: गरज नसताना ॲस्पिरिन चालू राहणे, रक्तदाब आटोक्यात नसताना ते घेणे, आणि या दोन गोळ्यांच्या जोडीला अंगदुखीची तिसरी गोळी परस्पर दुकानातून आणणे. खानदेशातला उन्हाळा आणि शेतातली अंगमेहनत पाहता इथे तिसऱ्या धोक्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

एक रसायन, तीन जागा

विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो, असे इंग्लंडमधील पाद्री एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले होते. त्या सालीतल्या द्रव्याशी नाते असलेले शुद्ध ॲस्पिरिन जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये तयार केले आणि १८९९ मध्ये ते त्या नावाने बाजारात आले. ते शरीरात नेमके काय करते, हे कळायला १९७१ साल उजाडले. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखते, हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले. १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना स्यूने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले.

रक्तदाबाच्या औषधांचा एक धागाही याच व्हेन यांच्या प्रयोगशाळेतून जातो. ब्राझीलचे सर्जिओ फरेरा यांनी जराराका या विषारी सापाच्या विषातील द्रव्यावर तिथे काम केले. त्या वाटेने पुढे कॅप्टोप्रिल हे औषध निघाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आजची एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल त्याच घराण्यातली. त्याआधी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला होता आणि जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वेधले होते.

प्रोस्टाग्लँडिनच्या कुळातली रसायने शरीरात ठिकठिकाणी तयार होतात. त्यांतल्या तीन जागा इथे महत्त्वाच्या. पहिली बिंबिका: तिथे थ्रॉम्बॉक्सेन तयार होते आणि ते गुठळीला चालना देते. दुसरी जठराचे अस्तर: तिथे ही रसायने आम्लापासून संरक्षण देतात. तिसरी मूत्रपिंड, म्हणजे किडनी: शरीरात पाणी कमी पडले की किडनीकडचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे काम तीच करतात, शिवाय मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतात.

बिंबिकेला पेशीकेंद्रक नसते. तिच्यातले थ्रॉम्बॉक्सेन बनवणारे एन्झाइम ॲस्पिरिनने एकदा निकामी केले की ते तिला पुन्हा बनवता येत नाही, आणि तिचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, ती तशीच राहते. म्हणून रोजची ७५ मिलिग्रॅमची गोळी पुरते. इतर पेशी ते एन्झाइम नव्याने तयार करतात, त्यामुळे एवढ्या मात्रेचा किडनीवर सहसा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. जठराला मात्र थोडी झळ लागतेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके नेहमीच्या मात्रेत किडनीपर्यंत पोचतात. लहान मात्रेचे ॲस्पिरिन आणि ही वेदनाशामके यांच्यातला फरक इथेच आहे.

गरज कोणाला

ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, किंवा ज्याला रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात झाला आहे, त्याला ॲस्पिरिनचा लाभ निर्विवाद आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ चाचणीत झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. महिनाभर रोज १६२ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ५ आठवड्यांत २३ टक्क्यांनी कमी आढळले. अशा रुग्णाने ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी स्वतःहून थांबवणे धोक्याचे आहे. स्टेंट नवा असेल तर ती थांबवल्याने स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

फक्त रक्तदाब आहे, हृदयाला किंवा मेंदूला अजून काही झालेले नाही, अशा माणसाचा हिशेब वेगळा. १९९८ च्या ‘हॉट’ चाचणीत उच्च रक्तदाबाच्या १८,७९० रुग्णांपैकी निम्म्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. त्यांच्यात हृदयविकाराचे झटके ३६ टक्क्यांनी कमी झाले, पक्षाघात कमी झाला नाही, आणि जिवावर न बेतलेले पण मोठे रक्तस्राव ७० वरून १२९ वर गेले. या रुग्णांचा रक्तदाब औषधांनी चांगला उतरवलेला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या काळात कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन आणि रक्तदाबाची चांगली औषधे सर्वदूर पोचली, आणि ॲस्पिरिनच्या वाट्याला उरणारा फायदा आणखी घटला. २०१८ मध्ये एकाच वर्षी तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ‘असेंड’मध्ये मधुमेहाचे १५,४८० रुग्ण होते. सरासरी ७ वर्षांहून थोड्या अधिक काळात ॲस्पिरिन घेणाऱ्या दर हजारी ११ जणांची हृदय-रक्तवाहिन्यांची गंभीर घटना टळली आणि दर हजारी ९ जणांना मोठा रक्तस्राव झाला. म्हणजे जमा आणि खर्च जवळपास सारखाच. ‘अस्प्री’मध्ये १९,११४ वृद्ध होते, बहुतेक ७० वर्षांवरील. त्यांना अपंगत्वाविना आयुष्य वाढल्याचा लाभ मिळाला नाही आणि मोठे रक्तस्राव २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेले. ‘अराइव्ह’मध्येही ठळक फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने शिफारस केली, की हृदयविकार नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, आणि ४० ते ५९ वयोगटात धोका अधिक असेल तरच डॉक्टरांशी बोलून व्यक्तिशः ठरवावे.

भारतातला पुरावा दोन चाचण्यांतून मिळतो. २००९ च्या ‘टिप्स’ अभ्यासात देशातील ५० केंद्रांवरच्या २,०५३ व्यक्तींवर पॉलिकॅप या कॅप्सूलचे प्रयोग झाले. तिच्यात रक्तदाबाची तीन औषधे, स्टॅटिन आणि १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन होते. ॲस्पिरिन असो वा नसो, रक्तदाब सारखाच उतरला. पुढच्या ‘टिप्स-३’मध्ये ५,७१३ जण होते आणि त्यांतले जवळपास निम्मे भारतीय. रक्तदाबाची औषधे, स्टॅटिन आणि ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. एकट्या ॲस्पिरिनचा वेगळा फायदा मात्र निःसंशय सिद्ध झाला नाही. म्हणून शेजाऱ्याला दिली म्हणून, किंवा ‘वय झाले, आता चालू करू’ म्हणून ही गोळी सुरू करण्याला शास्त्रीय आधार नाही. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळीही परस्पर बंद न करता, ती कशासाठी सुरू झाली होती हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठरवावे.

कोणत्या औषधाशी कसे जमते

सरकारी दवाखान्यांतील उपचारपद्धतीत अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही तीन औषधे प्रामुख्याने असतात. खाजगी चिठ्ठ्यांवर त्यांच्याशिवाय लोसार्टन, रॅमिप्रिल, हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही नावे दिसतात.

अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते. ते प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून नसल्याने ॲस्पिरिनच काय, वेदनाशामकांनीही त्याचा गुण फारसा कमी होत नाही. पायावर येणारी सूज हा त्याचा नेहमीचा उपद्रव असतो आणि तिचा ॲस्पिरिनशी संबंध नसतो.

रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल यांच्या परिणामाचा काही भाग प्रोस्टाग्लँडिनमार्फत होतो, म्हणून ॲस्पिरिन त्यांचा गुण मारेल अशी शंका बराच काळ होती. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सहा चाचण्यांतील २२ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांनाही या औषधांचा फायदा होतो, असे त्यातून दिसले. टेल्मिसार्टन आणि लोसार्टन यांच्याबाबतही कमी मात्रेत अडचण येत नाही. मात्र या दोन्ही गटांची औषधे सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारे द्रव्य) आणि पोटॅशियम तपासावे लागते.

क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी औषधे रक्तातले युरिक ॲसिड वाढवतात, आणि कमी मात्रेचे ॲस्पिरिनही थोडे वाढवते. पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकू लागला तर गाउट असू शकतो, आणि या जोडीचा विचार करावा लागतो. लोसार्टन युरिक ॲसिड थोडे कमी करते, म्हणून अशा रुग्णात डॉक्टर कधी त्याकडे वळतात.

मेटोप्रोलॉल आणि अटेनोलॉल यांचे ॲस्पिरिनशी चांगले जमते. झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ही जोडी नेहमीची आहे. प्रश्न येतो तो दम्याचा. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने किंवा वेदनाशामकाने दम्याचा झटका येतो, आणि या गटातल्या औषधांनीही श्वासनलिका आवळू शकतात. दमा असल्यास तो आधी सांगणे आवश्यक असते.

गोळ्या सकाळी घ्याव्यात की रात्री, यावर बरीच चर्चा झाली. ब्रिटनमधील ‘टाइम’ चाचणीत २१,१०४ रुग्णांची तुलना झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की रक्तदाबाची औषधे सकाळी किंवा संध्याकाळी घेतल्याने झटके आणि पक्षाघात यांत फरक पडत नाही. रोज ठरलेल्या वेळी, विसर न पडता गोळी जाणे महत्त्वाचे. ॲस्पिरिन जेवणानंतर घेतलेले बरे.

तिसरी गोळी

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराचे खांदे आणि कंबर भरून येतात. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ दिवसभर वाकलेली असते. संध्याकाळी गावातल्या दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ येते, आणि ती बहुधा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असते; पुष्कळदा पॅरासिटामॉलशी जोडलेली. चिठ्ठी नसते, आणि बीपीची गोळी चालू आहे हे सांगितलेही जात नाही.

या तिसऱ्या गोळीने एकाच वेळी चार गोष्टी घडतात. किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब वाढतो. अनेक चाचण्यांची सरासरी काढली तर तो सुमारे ५ मिलिमीटरने वाढतो, काहींचा त्याहून जास्त. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीच्या औषधांचा गुण कमी होतो. जठरावर ॲस्पिरिनचा भार असताना आणखी एक भार पडून रक्तस्रावाची शक्यता वाढते. चौथी गोष्ट आयबुप्रोफेनची. ते आधी घेतले तर बिंबिकेतल्या एन्झाइमची जागा अडवून बसते आणि ॲस्पिरिनला तिथे पोचू देत नाही, म्हणजे हृदयासाठी घेतलेली गोळी वाया जाऊ शकते. अमेरिकी औषध प्रशासनाने २००६ मध्ये सांगितले, की साधे, आवरण नसलेले ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन त्यानंतर किमान ३० मिनिटांनी किंवा त्याच्या ८ तासांहून अधिक आधी घ्यावे. आवरण असलेल्या गोळीसाठी असा हिशेब बसवता येत नाही, म्हणून तिथे आयबुप्रोफेन टाळलेलेच बरे.

सर्वांत मोठा धोका किडनीचा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, लघवीचे औषध आणि वेदनाशामक ही तीन औषधे एकत्र आली की किडनीकडचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी कमी होतो. ब्रिटनमधील रक्तदाबाच्या ४ लाख ८७ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये ‘बीएमजे’त आला. या तिघांच्या संगतीत किडनीला अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी अधिक होते, आणि पहिल्या ३० दिवसांत ते ८२ टक्क्यांनी अधिक होते.

ब्रिटनमध्ये जे थंड हवेत घडले, ते खानदेशात मे महिन्यात घडते तेव्हा परिस्थिती आणखी नाजूक असते. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहून वर जातो. उन्हात काम करणाऱ्याच्या शरीरातले पाणी घामावाटे निघून जाते; किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिनची गरज सर्वाधिक असते ती याच वेळी, आणि वेदनाशामक नेमके तेच थांबवते. जुलाब-उलट्यांच्या आजारातही हेच होते. लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, उभे राहताना चक्कर येणे ही चिन्हे दिसली तर वेदनाशामक लगेच बंद करावे आणि बीपीच्या औषधांचे काय करायचे ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी समाजात सिकलसेल आजार आढळतो. त्या रुग्णाची किडनी आधीच दुबळी असू शकते, म्हणून त्याने वेदनाशामकाबाबत विशेष सावध राहायला हवे.

अंगदुखीवर पर्याय आहेत. पॅरासिटामॉल दिवसाच्या ठरलेल्या मात्रेत घेतले तर बहुतेकांना चालते. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळीत सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाबात साधी गोळी बरी. गुडघा किंवा खांदा दुखत असेल तर वरून लावायचे मलम, शेक आणि व्यायाम यांचा उपयोग होतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या टाळाव्यात. अशा चूर्णांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे भारतात तपासण्यांतून उघड झाले आहे, आणि स्टेरॉइड व ॲस्पिरिन एकत्र आल्यास जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो.

आधी रक्तदाब

रक्तदाब फार वाढलेला असताना मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. तशात गुठळी होण्याची क्रिया मंदावलेली असेल तर रक्त अधिक पसरते. म्हणून ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटीने २००४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले होते, की प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन देण्याआधी रक्तदाब १५०/९० च्या खाली आलेला असावा. क्रम ठरलेला आहे: आधी रक्तदाब, मग ॲस्पिरिन. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचे ॲस्पिरिन थांबवत नाहीत, पण त्याचा रक्तदाब उतरवण्याची घाई तितकीच असते.

मोजमाप बरोबर असेल तरच आकड्याला अर्थ. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी किंवा तंबाखू नसावी, लघवी करून यावे, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत आणि पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीत बांधावा. दोन वेळा मोजून सरासरी घ्यावी. तंबाखू मळून तोंडात ठेवल्याबरोबर घेतलेला आकडा वर गेलेला असतो.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी सांगितली आहे. खानदेशी ताटात ती ओलांडायला वेळ लागत नाही. शेवभाजीच्या रश्श्यात मीठ असते आणि वर पडणाऱ्या शेवेतही असते. त्याच्या जोडीला पापड, लोणचे, बिबड्या आणि मिरचीचा ठेचा. भरीत-भाकरी त्या मानाने सौम्य, पण शेजारच्या वाटीतले लोणचे हिशेब बिघडवते. पोट फुगले म्हणून घेतला जाणारा फसफसणारा सोडाही सोडियमचाच असतो. ताटातले मीठ कमी झाले की गोळीची मात्रा कमी लागू शकते, आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल यांचा गुणही अधिक येतो.

पोटाची काळजी

कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने जठर-आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मूळ शक्यता कमी असल्याने बहुतेकांना काही होत नाही. पूर्वी व्रण झालेला असणे, वय ७० च्या वर असणे, वॉर्फरिनसारखे दुसरे रक्त न गोठू देणारे औषध, स्टेरॉइड, वेदनाशामक किंवा नियमित दारू सोबत असणे, यांनी ती बरीच वाढते. अशांना डॉक्टर पँटोप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध जोडून देतात. क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारे दुसरे औषधही चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलचा गुण कमी करतात. पूर्वी व्रण झालेला असल्यास हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून उपचार घेणेही उपयोगाचे असते.

गोळीवरचे आवरण जठराला पूर्ण वाचवते, हा समज चुकीचा आहे. ते फक्त गोळी आतड्यात विरघळू देते. ॲस्पिरिनचा परिणाम रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतोच. तरी रोजची आवरणाची गोळी फोडून किंवा कुटून घेऊ नये.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक आलेली गळून गेल्यासारखी दुर्बलता, छोट्या कामात लागणारी धाप ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हे आहेत. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर ते सांगावे.

ताप, गरोदरपण आणि शस्त्रक्रिया

पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते. डेंग्यूत बिंबिका कमी होतात, म्हणून तापासाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक टाळून फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. हृदयासाठी रोजचे ॲस्पिरिन चालू असेल तर तापाच्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांना कळवावे. स्टेंट असलेल्या रुग्णाचे ॲस्पिरिन थांबवायचे की चालू ठेवायचे, हे बिंबिकांचा आकडा पाहून तेच ठरवतात. सोळा वर्षांखालील मुलांना विषाणूजन्य तापात ॲस्पिरिन देत नाहीत. राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार त्याने होऊ शकतो.

गरोदरपणात हेच ॲस्पिरिन उपकारक ठरते, पण निवडक स्त्रियांना. आधीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढून गुंतागुंत झालेली, मूळचा रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा विकार असलेली स्त्री असेल तर डॉक्टर साधारण बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रा सुरू करतात. २०१७ च्या ‘अस्प्रे’ चाचणीत अधिक धोका असलेल्या १,७७६ स्त्रियांपैकी ज्यांना रात्री १५० मिलिग्रॅम दिले, त्यांच्यात वेळेआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गुंतागुंतीचे, प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल मात्र गर्भाला घातक आहेत. दिवस राहिल्याची शंका येताच ती बदलून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा सुरू करावे लागते.

दात काढणे किंवा मोतीबिंदू यांसाठी ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. मेंदू, मणका किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेआधी ते काही दिवस थांबवण्याचा निर्णय शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून घेतात.

छातीत दुखणे आणि तोंड वाकडे होणे

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटून ते १५ मिनिटांहून अधिक टिकले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घाम फुटला, तर १०८ ला फोन करावा आणि ॲलर्जी नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावे. घरात फक्त ७५ च्या गोळ्या असल्यास चार चावून खाव्यात. इथे आवरणाचा नियम लागू नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे असतील तर ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत गुठळी झाली आहे की रक्तवाहिनी फुटली आहे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात गोळीने अपाय होतो. सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून, लवकरात लवकर पोचावे.

तपासण्या आणि गोळ्यांची यादी

अनेक चिठ्ठ्यांत ॲस्पिरिन दुसऱ्या नावाने लपलेले असते. इकोस्प्रिन एव्ही या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत ॲटोर्व्हास्टॅटिन असते, इकोस्प्रिन गोल्डमध्ये क्लोपिडोग्रेलही असते. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी अशी कॅप्सूल दिली आणि जळगावच्या दुसऱ्यांनी साधी गोळी दिली, तर रोजची मात्रा नकळत दुप्पट होते. डिस्प्रिनची गोळीही ॲस्पिरिनच असते. म्हणून सर्व पत्ते, मलमे आणि पुड्या पिशवीत घालून प्रत्येक भेटीला सोबत न्याव्यात, आणि पाकिटावरच्या ठळक नावापेक्षा त्याखालच्या बारीक अक्षरांतले घटक वाचावेत.

रक्तदाब घरी किंवा उपकेंद्रात महिन्यातून किमान एकदा मोजावा. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी तो मोजतात, नोंद ठेवतात आणि ठरलेली औषधे देतात. वर्षातून किमान एकदा हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि साखर यांच्या तपासण्या व्हाव्यात. मधुमेह, किडनीचा विकार किंवा टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलबरोबर लघवीचे औषध असल्यास सहा महिन्यांनी. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर जठरातून नकळत रक्त जात असण्याची शक्यता तपासावी लागते. प्रत्येक भेटीत तीन गोष्टी डॉक्टरांसमोर याव्यात: ॲस्पिरिन कोणत्या कारणासाठी चालू आहे, रक्तदाबाचे मागच्या महिन्यातले आकडे किती होते, आणि त्या काळात दुखण्यासाठी कोणती गोळी किती वेळा घेतली गेली.